पाचशे बारा

रिपोर्ट अकरा पानांचा निघाला आणि शनिवारी सकाळी साडेदहापर्यंत घरातल्या प्रत्येकाला त्यात आपापलं पान सापडलं.

"अगं बाई, हे माझं केस धुवायचं बेसिन!" छोटी ओरडली. "तारीखसुद्धा दिलीय बघ. दादा, तेव्हा मी किती बारीक होते, नाही?"

"सरक, मला माझी ट्रेडमिल बघू दे," पैलवान म्हणाला. "पान सात. ही बघ. हप्ते छत्तीस, भरले नऊ. पुढे नुसत्या लाल फुल्या. काय सुरेख छापलंय!"

वहिनी टेबलाच्या टोकाशी उभी राहून हे बघत होती. कागद समोर टाकला की सगळ्यांचे चेहरे पडतील, या आशेवर तिने लॅबमधून रजा काढली होती. पण दीर आणि नणंद तो रिपोर्ट एकमेकांच्या हातातून ओढून लग्नाचा अल्बम बघावा तसा बघत होते. सासूबाई तेवढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या कुणाच्या तरी ऑर्डरच्या पडद्याला रिंगा लावत होत्या.

"हा तुमच्या दादाचा क्रेडिट रिपोर्ट आहे," वहिनी म्हणाली. "चौदा कर्जं आहेत यात. आणि त्यातली एकही वस्तू त्यांची नाही."

"आहे की. पंखा," तिचा नवरा, पेंटर, हळूच म्हणाला.

"तो आईंच्या खोलीत फिरतो."

दुकानांच्या पाट्या रंगवणं हा पेंटरचा धंदा. अक्षर असं की बंद पडलेल्या दुकानाची पाटीसुद्धा लोक उभं राहून वाचायचे. आता अक्षर चांगलं असणं हा काही गुन्हा नाही, पण या घरात त्याची शिक्षा झाली होती. पंधरा वर्षांपूर्वी फ्रिजचा अर्ज भरायला त्याला बसवलं आणि अर्ज दोन दिवसांत पास झाला. घरच्यांनी ठरवून टाकलं की दादाच्या अक्षराला बँक नाही म्हणत नाही. मग कुणाला काहीही हप्त्यावर घ्यायचं असलं की दादाला गाठायचं, चहा पाजायचा, पेन हातात द्यायचं. वस्तू ज्याची त्याच्या घरी जायची. हप्ता ज्याला जसा जमेल तसा भरला जायचा. नाव मात्र दादाचं.

"मी स्कूटरचा एकही हप्ता बुडवलेला नाही हं," छोटी म्हणाली. "फक्त दोन दिवस उशिरा भरते."

"का?"

"वेळेवर भरलं की त्यांना सवय लागते गं."

"आणि तुम्ही, भाऊजी?"

पैलवान गाद्यांच्या दुकानात सेल्समन होता. पैलवान हे नाव त्याला त्याच्या निश्चयावरून मिळालं होतं, अंगावरून नव्हे. "वहिनी, ट्रेडमिलचा पट्टा दहाव्या महिन्यात तुटला," तो म्हणाला. "बंद पडलेल्या मशीनचे पैसे भरायचे म्हणजे त्यांचा निष्काळजीपणा आपण खपवून घ्यायचा. मी तत्त्व म्हणून थांबलो."

"तत्त्व तुमचं आणि फुली ह्यांच्या नावावर."

"नोटिसा दादाला येत होत्या. तो काही बोलला नाही. मला वाटलं मिटलं."

सगळ्यांनी पेंटरकडे बघितलं. वहिनीने कपाटावरून त्याच्या पाट्यांच्या नमुन्यांची फाईल काढली आणि उघडून टेबलावर ठेवली. 'शेवटची सूचना' असं लाल ठशात छापलेलं बँकेचं पत्र प्लास्टिकच्या कव्हरात नीट घालून ठेवलेलं होतं.

"अहो, हे तुम्ही वाचलंत?"

"बघितलं," पेंटर म्हणाला. "ते 'श' बघ ना. इतका डौलदार 'श' हल्ली कोण काढतं?"

वहिनीने डोळे मिटून घेतले. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. अर्धा मिलिमीटर चुकला तर माणसाला भाकरीचा तुकडा चावता येत नाही, हे तिला रोज दिसायचं. आणि तिचा संसार ज्याच्याशी झाला त्याला मजकूरच दिसायचा नाही.

काल बँकेत कर्जवाल्या बाईंनी स्क्रीन नवरा-बायकोकडे वळवली होती. "तुमचा क्रेडिट स्कोअर सातशे ऐंशी, मॅडम. छान आहे. मिस्टरांचा..." त्यांनी आवाज खाली आणला. "पाचशे बारा."

"किती पैकी?" पेंटरने विचारलं.

"नऊशे."

"म्हणजे पास!"

बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. दोघांच्या नावाने अर्ज केला तर तो सरळ परत येणार. वहिनीने एकटीने केला तर तिच्या पगारावर अठ्ठावीस लाख मिळणार. लागणार होते चौतीस. मधली फट भरायला घरातलंच कुणीतरी हवं, ज्याला कमाई आहे आणि ज्याचं नाव स्वच्छ आहे. फ्लॅट विकणाऱ्या नर्सबाईंनी सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली होती. तोवर बँकेचं मंजुरीपत्र नाही मिळालं तर फ्लॅट दुसऱ्या जोडप्याला, आणि टोकनचे दोन लाख गेले. ते दोन लाख म्हणजे वहिनीने सहा वर्षं ओव्हरटाइमला घासलेल्या कवळ्या होत्या.

फ्लॅट काही मोठा नव्हता. दुसरा मजला, एक हॉल, स्वयंपाकघर आणि एक झोपायची खोली. पण त्या खोलीला दार होतं आणि दाराला आतून कडी होती. बघायला गेले तेव्हा वहिनीने ती कडी चार वेळा लावून बघितली. नर्सबाईंना वाटलं बिघडलीय म्हणून. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षं ती दोघं हॉलमध्ये घडीच्या पलंगावर झोपत होती. गेली चार वर्षं तर पाय ट्रेडमिलखाली घालून.

"दुपारी दोन वाजता बँकेच्या बाई चौकशीला घरी येणार आहेत," ती म्हणाली. "त्याच्या आत मला सांगा, माझ्याबरोबर अर्जावर कोण उभं राहतंय?"

खिडकीकडून आवाज आला. "म्हणजे घरावर माझ्या मुलाचं नाव नसणार?"

"नाही, आई. बँक घेत नाही."

"त्याच्या स्वतःच्या घरावर?"

"आई बरोबर बोलतेय," छोटी लगेच म्हणाली. "दादाचं नाव नाही म्हणजे कसं दिसतं ते."

"अगदी," पैलवान म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू दे. मी काय म्हणू?" सासूबाईंनी दोरा दाताने तोडला. "आहे हे घर काय वाईट आहे? दोघं निघून जाणार, हा हॉल रिकामा पडणार. कशाला?"

रिकामा हॉल हा शब्द पैलवानाच्या कानात शिरला आणि तिथेच घोटाळला. त्याने मान वळवून हॉलकडे बघितलं. पलंग काढला तर ट्रेडमिलच्या शेजारी वजनांचा स्टँड सहज बसेल. समोर आरसा. पट्टा दुरुस्त करता येईल. लग्नासाठी आलेल्या मुलींना आजवर तो जिन्यात भेटत होता. आता हॉलमध्ये बसवता येईल.

"पण आई," तो म्हणाला, "हल्ली बायकांच्या नावावर घर घेणं फार प्रगत मानतात. मला विचारशील तर वहिनीच्याच नावावर असावं. आणि तिच्याबरोबर मी उभा राहतो! माझ्या नावावर एका पैशाचं कर्ज नाही."

छोटीनेही तोवर हॉल नजरेने मोजला होता. तिचं पार्लर तिच्या घरी, स्वयंपाकघरात चालायचं. बेसिन बसवायला जागाच नव्हती, म्हणून गिऱ्हाइकांना डोकं भांड्यांच्या सिंकमध्ये घालावं लागायचं आणि मागच्याच आठवड्यात एक बाई केसांत चमचा घेऊन घरी गेली होती. "याच्यापेक्षा मी उभी राहते," ती म्हणाली. "वहिनी, तू कुणावरही अवलंबून राहू नकोस. या घरात तुझं कोण आहे माझ्याशिवाय?"

"तू मघाशी आईच्या बाजूने होतीस," पैलवान म्हणाला.

"मी कायम सत्याच्या बाजूने असते. हॉल मला लागणार आहे."

"हॉल माझा आहे! मी इथे राहतो!"

"तू इथे फुकट राहतोस. मी भाडं देईन आईला."

"दोन दिवस उशिरा!"

वहिनीला काही कळेना. पाच मिनिटांपूर्वी एकही माणूस तिच्या बाजूने नव्हता आणि आता दोघं तिच्यासाठी भांडत होते. पेंटर उठून स्वयंपाकघरात चहा टाकायला गेला. भांडण सुरू झालं की तो चहा टाकायचा. ती मागोमाग गेली.

"अहो, पंधरा वर्षांत एकदा तरी कुणाला नाही म्हणालात?"

पेंटरने बराच वेळ आठवून बघितलं. "एकदा म्हणालो होतो," तो म्हणाला. "पैलवानाला. मसाज खुर्चीसाठी."

"मग?"

"तो रडला. मग मी अर्ज भरला." त्याने साखरेचा डबा उघडला, बंद केला. "मला वाटायचं सही काय, दोन मिनिटांचं काम. आपण कुणाला पैसे देऊ शकत नाही, निदान सही तरी द्यावी. तुझा फ्लॅट माझ्यामुळे गेला तर मी..." त्याने डबा पुन्हा उघडला. "मी काय करू ते तरी सांग."

"तुम्ही काही करू नका," वहिनी म्हणाली. "आज दिवसभर फक्त काही करू नका."

दोन वाजून पाच मिनिटांनी कर्जवाल्या बाई आल्या. खांद्याला लॅपटॉप, हातात फॉर्मचा गठ्ठा, आणि अर्ध्या शनिवारी कामावर पाठवल्याचा राग कपाळावर. त्यांनी बसायला जागा शोधली. ट्रेडमिलवर धुतलेले कपडे वाळत होते, खुर्चीवर पडदे होते. शेवटी पैलवानाने स्वतःची मसाज खुर्ची पुढे ओढली. बाई बसल्या आणि खुर्ची चालू झाली.

"बंद करा हो!"

"बटण गेलंय, मॅडम. सात मिनिटं चालते, मग आपोआप थांबते."

बाईंनी थरथरतच लॅपटॉप उघडला. "सह... अर्जदार... को... ण?"

"मी!" पैलवान आणि छोटी एकदम म्हणाले.

आधी पैलवानाची माहिती भरली. मोबाइलवर आलेला आकडा त्याने छाती काढून सांगितला. बाई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. तोवर खुर्ची थांबली.

"तुमचं काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"बघा! स्वच्छ!"

"स्वच्छ नाही, कोरं. तुम्ही आयुष्यात कधी स्वतःच्या नावावर काही घेतलं आणि फेडलं, असं कुठेच नाही. वय काय तुमचं?"

"छत्तीस."

"आमच्या हिशेबाने तुम्ही अजून जन्माला यायचे आहात."

पैलवान खाली बसला. मसाज खुर्चीवर नव्हे, जमिनीवर.

छोटीने आपला नंबर दिला. तिच्या नावावर एकच कर्ज होतं, हेअर ड्रायरचं, आणि अठरा हप्त्यांपैकी अठरा उशिरा.

"पाचशे अठ्ठ्याऐंशी," बाई म्हणाल्या.

"दादापेक्षा जास्त आहे ना पण?" छोटीने विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग पहिल्यांदाच वहिनीकडे थेट बघितलं. आवाजात चिडचिड नव्हती, थोडी कीवच होती. "मॅडम, माफ करा, पण या घरात वेळेवर पैसे भरणारं एकही माणूस नाही का?"

वहिनी फॉर्म गोळा करायला लागली. तिचे हात स्थिर होते, फक्त कागदांच्या कडा काही केल्या जुळेनात.

सासूबाईंना हे वाक्य लागलं. मुलाचं नाव घरावर नसणार, हे त्यांना सकाळपासून लागलंच होतं. सून मुलाला घेऊन जाणार म्हणून त्या मनातून रागावलेल्या होत्या, आणि फ्लॅट हातचा गेला असता तर दोन दिवस वाईट वाटल्यासारखं दाखवून त्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. हेही त्यांनी स्वतःशी कबूल केलेलं होतं. पण परकी बाई आपल्या घरात बसून, आपल्या चहाचा कप हातात धरून असं विचारते? सासूबाईंनी पडदा बाजूला ठेवला.

"माझा बघा," त्या म्हणाल्या.

"आई, तुझा काय बघणार?" पैलवान जमिनीवरून म्हणाला. "तुला कोण कर्ज देणार?"

"तू जन्माला ये आधी, मग बोल."

पेन्शन किती, पडद्यांच्या कामातून किती, वय बासष्ट. बाईंनी सगळं भरलं. मोबाइलवर आलेला आकडा सासूबाईंनी स्वतः वाचला, कुणाला हात लावू दिला नाही. बाईंनी एंटर दाबलं. पुढे वाकल्या. चष्मा पुन्हा पुसला.

"आठशे एकतीस."

"किती पैकी?" पेंटरने विचारलं.

"अहो, मी नोकरीला लागल्यापासून एवढा बघितला नाही. सहा कर्जं घेतलेली आहेत, सहाही फेडली. एकही हप्ता उशिरा नाही. उलट चार तारखेचा दोन तारखेला."

"सहा कर्जं?" छोटी किंचाळली. "आई, कसली? तू काय घेतलंस?"

"जुगार," पैलवान हादरून म्हणाला. "पडदे शिवता शिवता माणूस कुठे पोहोचतं बघा."

"काही घेतलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग पैसे कुठे गेले?"

"कुठे जातील? बँकेतल्याच माझ्या खात्यात पडून होते. त्यातूनच फेडले."

बाईंनी स्क्रीनवरून नजर वर केली. "म्हणजे तुम्ही कर्ज घेतलंत, वापरलं नाहीत, आणि व्याजासकट परत केलंत? सहा वेळा?"

"व्याज फार नव्हतं. अठरा-वीस हजार झाले असतील आठ वर्षांत." सासूबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "आमचे हे गेल्यावर पेन्शनला म्हणून बँकेत गेले होते. तिथे गार हवा होती. एका मुलीने खुर्ची दिली, पाणी आणलं, कशा आहात विचारलं. नुसतं पैसे काढायला गेलं की विचारत नाहीत. कर्ज काढायला गेलं की विचारतात. तब्येत कशी, घरी कोण कोण, मुलं काय करतात. दर महिन्याला हप्ता भरायला गेलं की पुन्हा बसा, पुन्हा पाणी." त्यांनी पदर सोडला. "इथे कुणी विचारतं का?"

पेंटर पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि आईसमोर धरून उभा राहिला.

"आता आणतोस," त्या म्हणाल्या, पण पाणी प्यायल्या.

वहिनीने हिशेब केव्हाच केला होता. पेन्शन अधिक पडदे अधिक कवळ्या, चौतीस लाख होत होते. फक्त ज्या बाईपासून दोन भिंती लांब जायला हे घर हवं होतं, तीच बाई त्या घराची दुसरी मालकीण होणार होती. ती सासूबाईंच्या समोर स्टूल घेऊन बसली.

"आई, उभ्या राहाल माझ्याबरोबर?"

"राहीन. पण मी तिथे येणार राहायला."

पैलवान आणि छोटी एकमेकांकडे बघायला लागले. आई गेली तर आईची खोलीसुद्धा रिकामी होत होती. भांडणाला एकदम दुप्पट जागा मिळाली. दोघं मापाची टेप शोधायला आत गेले.

"हॉल तुमचा," वहिनी म्हणाली. "खोली आमची. तिची कडी आतून लागणार."

"मी कुठे कडीला नाही म्हणाले?"

"आणि ठोठावल्याशिवाय यायचं नाही."

"ठोठावीन. पण दोनदा ठोठावलं की उघडायचं."

"तीनदा."

सासूबाईंनी सुनेकडे नीट बघितलं. मोठ्या दुकानाच्या पडद्यांचा भाव ठरवताना त्या गिऱ्हाइकाकडे असंच बघायच्या. "तीनदा," त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी मात्र दोनदा."

"चालेल. आणि ट्रेडमिल येणार नाही."

"ती आली तर मी येणार नाही."

बाईंनी मान हलवत फॉर्म पुढे ओढला. "दोन्ही अर्जदार महिला असतील तर आमच्याकडे व्याज पाव टक्का कमी लागतं," त्या म्हणाल्या. "मिस्टर अर्जात असते तर ही सवलत मिळाली नसती."

"म्हणजे माझ्यामुळे फायदा झाला," पेंटर म्हणाला.

सासूबाईंनी फॉर्म मागून घेतला आणि वाचायला बसल्या. अठ्ठावीस पानं. या घरातलं कुणी फॉर्म वाचेल असं बाईंना वाटलं नव्हतं, त्यामुळे त्या निवांत होत्या. एकोणिसाव्या पानावर सासूबाईंचं बोट थांबलं.

"हा फर्निचरचा विमा कशाला?"

"तो सगळ्यांनाच असतो, आजी."

"फर्निचर कुठाय? एक घडीचा पलंग आणि माझी खुर्ची. खोडा."

बाईंनी खोडला. बाविसाव्या पानावर आणखी काहीतरी खोडलं गेलं. सव्विसाव्यावर बाईंनी न विचारताच स्वतःहून खोडलं. साडेचार वाजता दोघींच्या सह्या झाल्या आणि सोमवारी सकाळी दहाला मंजुरीपत्र हातात देते, असं बाईंनी शब्द दिला. वहिनीने तो त्यांना दोनदा उच्चारायला लावला.

आतून टेप ओढल्याचा आणि कुणीतरी कुणाच्या तरी पायावर सोडल्याचा आवाज आला.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "घरात राहणाऱ्या इतर व्यक्ती?"

पेंटरने हात अर्धा वर केला.

"अर्जदाराशी नातं?"

"मुलगा," सासूबाई म्हणाल्या.

"नवरा," वहिनी म्हणाली.

"जागा एकाच शब्दाची आहे."

"मी त्याला आधीपासून ओळखते."

"पहिली अर्जदार मी आहे, आई."

बाईंना पाच वाजता दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि आपल्या मनाने लिहून टाकलं. पेंटरने वाकून वाचलं. 'अवलंबून'.

तो सरळ उभा राहिला. "म्हणजे मला भाडं द्यावं लागेल का?"

"बघू," सासू आणि सून एकदम म्हणाल्या.